गोळ्या लागू पडेपर्यंतचे दिवस

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझा मोठा भाऊ ४२ वर्षांचा आहे. गेले काही महिने तो गप्प गप्प झाला होता. झोप नाही, जेवणात मन नाही, कामावरून येऊन नुसता पडून राहायचा. मागच्या आठवड्यात तो मला म्हणाला, "रोज उठलो की पहिला विचार येतो, आपण नसतो तर बरं झालं असतं." मी हादरले. त्याच दिवशी आम्ही त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्या आणि परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतील असं सांगितलं. हे तीन-चार आठवडे काढायचे कसे? मी रात्र रात्र इंटरनेटवर वाचत बसते. केटामाइन नावाच्या औषधाने काही तासांत असे विचार थांबतात असं कुठे लिहिलं आहे, तर कुठे ती नशेची वस्तू आहे असं. नाकात मारायचा स्प्रेही निघाला आहे म्हणे. ओळखीतल्या एकाने तर ते ऑनलाइन मागवून घरीच घेता येतं असं सुचवलं. वहिनी म्हणते, एका दिवसात बरं वाटणार असेल तर महिनाभर वाट का बघायची? आई म्हणते, आहेत त्या गोळ्या नीट घेऊ दे, भलते प्रयोग नकोत. दादा स्वतः काहीच म्हणत नाही. आम्ही काय करावं?

एक बहीण

उत्तर

ताई,

केटामाइनबद्दल तुम्ही विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देते. त्याआधी एक काम मात्र आजच करायचं आहे. दादाजवळ बसा आणि त्याला सरळ विचारा: जीव देण्याचे विचार मनात येतात का? कसं करायचं ते ठरवलं आहेस का? त्यासाठी काही जवळ आणून ठेवलं आहेस का? विचार आला की स्वतःला आवरता येतं का? असं विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. तिला आधार नाही. या प्रश्नावर झालेल्या अभ्यासांत विचारल्यामुळे विचार वाढल्याचं दिसलेलं नाही. उलट बरेच जण सांगतात की कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून हायसं वाटलं.

तो काय सांगतो त्यावर पुढचं ठरेल. आपण नसतो तर बरं, हा विचारसुद्धा गंभीरच आहे. पण त्याच्या जोडीला बेत असेल, साधन हाताशी असेल, किंवा "माझाच मला भरवसा वाटत नाही" असं तो म्हणाला, तर माझं हे उत्तर वाचत बसू नका. त्याला एकटं न सोडता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा किंवा आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. डॉक्टरांची पुढची तारीख चार दिवसांनी आहे, म्हणून थांबू नका. त्याने पूर्वी कधी स्वतःला इजा केली असेल, दारू वाढली असेल, सलग काही रात्री डोळ्याला डोळा लागला नसेल, तर हेही डॉक्टरांना त्याच दिवशी कळायला हवं. या गोष्टी घरच्यांना किरकोळ वाटतात, आम्हाला नाही.

आता गोळ्यांबद्दल. डॉक्टरांनी सांगितलेले तीन-चार आठवडे बरोबर आहेत. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या मेंदूतल्या रसायनांवर पहिल्या दिवसापासून काम करू लागतात, पण माणसाला त्याचा फायदा जाणवायला आठवडे जातात. पुष्कळदा झोप आणि भूक आधी सावरते, मन नंतर. म्हणजे एखाद्या टप्प्यावर अंगात थोडी हालचाल परत आलेली असते आणि निराशा मात्र तशीच असते. तो टप्पा जपायचा. सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाची तगमग, कमालीची चिडचिड, एका जागी बसवत नाही असं काही नव्याने दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा, गोळी मात्र मनाने बंद करू नका. या गोळ्यांमुळे आत्महत्येचे विचार वाढतात असंही तुमच्या वाचनात आलं असेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा छापायला लावला. दादाच्या वयात असा वाढीव धोका आढळलेला नाही. लक्ष ठेवायचं ते तरीही ठेवायचंच.

या मधल्या दिवसांसाठी आमच्या शास्त्राकडे फार काळ मोजकंच काही होतं. दाखल करून घ्यायचं, झोपेचं औषध द्यायचं, फारच गंभीर असेल तर ईसीटी, म्हणजे विजेच्या शॉकचा उपचार, द्यायची, आणि एरवी गोळी लागू पडण्याची वाट बघायची. केटामाइनने सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं ते यामुळे.

हे औषध नवं अजिबात नाही. १९६२ मध्ये ते तयार झालं आणि १९७० मध्ये अमेरिकेत भुलीचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. आजही ते शस्त्रक्रियागृहात रोज वापरलं जातं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचा नशेसाठी गैरवापर होतो हेही खरं. तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी एकाच औषधाबद्दलच्या आहेत. ते कोण देतं, किती देतं आणि कुठे देतं, यावर सगळं अवलंबून.

डिप्रेशनमध्ये ते उपयोगी पडू शकतं हे पहिल्यांदा नीट दिसलं ते २००० मध्ये, येल विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या एका अगदी छोट्या अभ्यासात. त्यात रुग्ण होते फक्त सात. भुलीसाठी लागतो त्याहून बराच कमी डोस चाळीस मिनिटं शिरेतून हळूहळू दिला आणि काही तासांपासून पुढे तीन दिवसांत मनःस्थिती सुधारत गेली. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने आणखी १८ जणांवर, ज्यांना आधीच्या औषधांनी गुण आला नव्हता अशांवर, तेच करून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी ७१ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा होती. आठवडाभर ती टिकली ३५ टक्क्यांत. हे दोन्ही आकडे वहिनींना एकत्र सांगा. पहिला ऐकून आशा वाटते आणि ती वाटायलाच हवी. दुसऱ्याने त्या आशेची मुदत कळते.

हे दोन्ही अभ्यास मुळात डिप्रेशनवर होते. खास आत्महत्येच्या विचारांवर झालेले दोन अभ्यास मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

पहिला २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डिप्रेशन आणि तीव्र आत्महत्येचे विचार असलेले ८० प्रौढ रुग्ण. निम्म्यांना केटामाइन आणि निम्म्यांना मिडाझोलाम, म्हणजे गुंगी आणणारं पण डिप्रेशनवर काम न करणारं औषध. आपल्याला खरं औषध मिळालं की दुसरं, हे रुग्णांना ओळखता येऊ नये म्हणून अशी योजना. एका दिवसानंतर विचारांची तीव्रता निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली ती केटामाइन घेतलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांत आणि मिडाझोलाम घेतलेल्यांपैकी ३० टक्के लोकांत. फरक उघड आहे. तरी केटामाइनच्या गटातही शंभरातल्या पंचेचाळीस जणांना तेवढा उतार पडला नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

दुसरा फ्रान्समधला, २०२२ चा. सात रुग्णालयांत स्वतःहून दाखल झालेले १५६ प्रौढ, सगळ्यांच्या मनात आत्महत्येचे तीव्र विचार. नेहमीचे उपचार सगळ्यांना चालू. त्यावर एका गटाला केटामाइनचे दोन डोस, चोवीस तासांच्या अंतराने. दुसऱ्या गटाला नुसतं सलाईन. तिसऱ्या दिवशी विचार पूर्णपणे थांबलेले रुग्ण केटामाइनच्या गटात ६३ टक्के होते आणि सलाईनच्या गटात सुमारे ३२ टक्के. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा हेच प्रमाण सुमारे ७० आणि ५६ टक्के झालं होतं, म्हणजे दोन गटांतलं अंतर इतकं कमी झालं की ते औषधामुळेच आहे असं ठामपणे म्हणता येईना.

ताई, या अभ्यासात मला सगळ्यात बोलका वाटतो तो सलाईनचा गट. त्यांना जलद काम करणारं कुठलंही औषध मिळालं नाही. मिळालं ते सुरक्षित ठिकाण, रोज विचारपूस करणारी माणसं आणि नेहमीचे उपचार. तेवढ्यावर तीन दिवसांत तिघांतला जवळपास एक आणि सहा आठवड्यांत निम्म्याहून अधिक जण त्या विचारांतून बाहेर आले. तुम्हाला केटामाइन मिळो न मिळो, दादासाठी काही करता येण्यासारखं आहे याचा हा पुरावा आहे. आईंचं म्हणणं म्हणूनच अर्धं बरोबर आहे. आहेत त्या गोळ्या नीट घ्यायला हव्यात. पण फक्त गोळ्या देऊन वाट बघत बसणं म्हणजे उपचार नव्हे.

त्याच अभ्यासातली आणखी एक बाब तुमच्या कामाची आहे. केटामाइनचा सगळ्यात मोठा फायदा दिसला तो बायपोलर आजार, म्हणजे मन कधी खोल निराशेत तर कधी अति उत्साहात जाणारा आजार, असलेल्यांत: तिसऱ्या दिवशी जवळपास ८५ टक्के विरुद्ध २८ टक्के. नुसतं डिप्रेशन असलेल्यांत तो फरक स्पष्ट नव्हता. २०१८ च्या अभ्यासात मात्र रुग्ण डिप्रेशनचेच होते आणि तिथे फरक दिसला. दोन चांगल्या अभ्यासांची उत्तरं इथे जुळत नाहीत, म्हणूनच निदान नेमकं होणं फार मोलाचं. दादाच्या आयुष्यात पूर्वी कधी असे दिवस आले होते का, की झोप अगदी कमी पण थकवा नाही, बोलण्याचा वेग वाढलेला, खर्च हाताबाहेर, डोक्यात मोठमोठ्या योजना? घरच्यांच्या आठवणीत असं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. आजारी माणूस हे आपणहून सांगत नाही, कारण त्याला तो काळ चांगला गेला असंच आठवत असतं. बायपोलर असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी मन उलट्या टोकाला जाऊ शकतं आणि सगळी औषधयोजनाच बदलावी लागते.

आता स्प्रेबद्दल. त्या औषधाचं नाव एस्केटामाइन. केटामाइनमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन प्रकारचे रेणू असतात, त्यांतला हा एक. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती इतर औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी. ऑगस्ट २०२० मध्ये आणखी एक मान्यता मिळाली: डिप्रेशनसोबत आत्महत्येचे तीव्र विचार किंवा तसं वर्तन असलेल्या प्रौढांसाठी. ही दुसरी बातमी अनेक ठिकाणी "आत्महत्या रोखणारा स्प्रे" अशी पसरली आणि तिथेच गफलत झाली. ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर ही मान्यता उभी आहे, त्यांत चोवीस तासांत डिप्रेशनची लक्षणं स्प्रेच्या गटात जास्त कमी झाली. आत्महत्येच्या विचारांची तीव्रता मात्र दोन्ही गटांत घटली आणि त्यात स्प्रेची आघाडी सिद्ध झाली नाही. त्या चाचण्यांतही सगळे रुग्ण आधी रुग्णालयात दाखल होते. म्हणूनच औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे की आत्महत्या रोखण्यासाठी किंवा आत्महत्येचे विचार कमी करण्यासाठी या औषधाचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि पहिल्या डोसनंतर बरं वाटलं तरी गरज असेल तर रुग्णाला दाखल करावंच लागेल. मला ही दोन वाक्यं फार महत्त्वाची वाटतात. कुणी तुम्हाला हा स्प्रे सुचवला तर ती त्यांना वाचून दाखवा.

केटामाइनने आत्महत्येने होणारे मृत्यू कमी होतात असंही अजून कुठल्या अभ्यासाने दाखवलेलं नाही. विचार कमी होणं आणि जीव वाचणं यांचं नातं आहे, पण त्या दोन गोष्टी एक नाहीत. ऐंशी किंवा दीडशे लोकांच्या अभ्यासातून मृत्यूबद्दल काही सांगता येत नसतं, त्यासाठी हजारो माणसांचा मागोवा दीर्घकाळ घ्यावा लागतो.

मग मी हे औषध नाकारते आहे का? नाही. विचार इतके दाटून आलेले असतात की माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही, समजावणारं बोलणंही पोचत नाही, अशा वेळी दोन-चार दिवसांची उसंत मिळणं ही मोठी गोष्ट आहे. योग्य रुग्णाला, योग्य ठिकाणी, हा उपाय जरूर द्यावा असं माझं मत आहे. त्या उसंतीत काय केलं जातं, यावर माझा सगळा भर आहे.

प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते, म्हणजे दादाला आधी कल्पना देता येईल. आधी रक्तदाब तपासतात, पूर्वीचे आजार आणि चालू औषधं विचारतात. औषध शिरेतून चाळीस मिनिटं दिलं जातं किंवा डॉक्टर-नर्सच्या देखत नाकात मारलं जातं. त्या वेळी आजूबाजूचं जग खोटं, लांबचं वाटू शकतं, आपण आपल्याच शरीराबाहेर आहोत असं वाटू शकतं, वेळेचं भान जातं. काहींना ते सुखद वाटतं, काहींना भीतिदायक. आधी सांगितलेलं असलं आणि शेजारी शांतपणे बसलेलं माणूस असलं की भीती बरीच कमी होते. मळमळ, चक्कर, गुंगी येते, रक्तदाब काही काळ वाढतो. हे बहुतेक सगळं एक-दोन तासांत ओसरतं. स्प्रेनंतर निदान दोन तास तिथेच देखरेखीखाली थांबणं बंधनकारक आहे आणि रात्रभर नीट झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेला असेल किंवा रक्तवाहिनीला फुगा असेल तर स्प्रे देतच नाहीत. रक्तदाब आटोक्यात नसेल, भास किंवा भ्रम होत असतील, व्यसनाचा इतिहास असेल, तर डॉक्टर दहादा विचार करतात. वारंवार, मोठ्या प्रमाणात घेतल्यास मूत्राशयाला गंभीर इजा होते आणि सवय लागण्याचा धोकाही आहे. म्हणून "बरं वाटतंय ना, मग घेत राहू" असं या औषधाबाबत चालत नाही.

आणि म्हणूनच ऑनलाइन मागवून घरी घेणं, ताई, अजिबात नको. या मुद्द्यावर मी काही सवलत देणार नाही. बाहेरून आलेल्या पुडीत किंवा बाटलीत काय आहे, किती आहे, कुणी सांगू शकत नाही. शुद्ध औषध असलं तरी रक्तदाब वाढला, श्वास मंदावला किंवा माणूस घाबरून उठून बाहेर पळाला तर घरात सांभाळणार कोण? ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानसिक आजारांसाठी घरपोच मिळणाऱ्या अशा केटामाइनबद्दल लोकांना सावध केलं होतं. त्यात भर म्हणजे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत त्याच्या हाताशी आपणच एक धोकादायक औषध ठेवतो आहोत.

जलद उपायांत आणखी एक नाव घ्यायलाच हवं. ते औषध नाही, पण ऐकताच घरातले लोक दचकतात: ईसीटी, ज्याला सगळे शॉक म्हणतात. आज ती पूर्ण भूल देऊन, स्नायू शिथिल करून दिली जाते. रुग्णाला झटका जाणवत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गंभीर डिप्रेशनच्या ४४४ रुग्णांपैकी १३१ जणांच्या मनात आत्महत्येचा तीव्र विचार होता. तीन वेळा ईसीटी दिल्यावर, म्हणजे आठवडाभरात, त्यांतल्या ३८ टक्क्यांचे विचार पूर्ण थांबले. दोन आठवड्यांनी ६१ टक्क्यांचे. पूर्ण उपचार संपेपर्यंत ८१ टक्क्यांचे. हे आकडे सलाईनच्या गटाशी तुलना करून काढलेले नाहीत, तरी इतक्या गंभीर आजारी लोकांत ते लक्षणीय आहेत. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, हा तिचा खरा तोटा आहे आणि तो आधी सांगितला गेला पाहिजे. पण माणूस खाणंपिणं सोडून बसला असेल, विचार क्षणभरही हटत नसतील, तर मी केटामाइनच्या आधी ईसीटीचा विचार करेन. समाजाच्या धास्तीपायी हा उपाय उशिरा दिला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लिथियम आणि क्लोझापीन ही नावंही तुमच्या वाचनात येतील. दोन्ही जलद नाहीत. लिथियम बायपोलर आणि डिप्रेशनमध्ये दीर्घकाळ दिल्यास आत्महत्या कमी होतात असं जुन्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसतं, पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर झालेल्या २०२२ च्या मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. शिवाय जास्त मात्रेत ते विषारी ठरतं, म्हणून गोळ्या एका वेळी थोड्याच हाती द्यायच्या असतात. क्लोझापीनला २००२ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जवळच्या आजारांत वारंवार होणाऱ्या आत्महत्येच्या वर्तनासाठी मान्यता मिळाली. दादाच्या आजारात त्याची गरज दिसत नाही. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या तीव्र तगमगीत डॉक्टर थोडे दिवस देतात आणि त्याचा उपयोग होतो. त्या मूळ विचारांवरचा उपाय नव्हेत, आणि दारूसोबत तर घातकच.

आता त्या उसंतीबद्दल, ती औषधाने मिळालेली असो किंवा माणसांनी मिळून मिळवलेली. आत्महत्येच्या विचाराची लाट सहसा कायम त्याच उंचीवर राहत नाही. ती चढते आणि उतरते. चढलेली असताना हाताशी साधन नसलं तर वेळ निघून जाण्याची शक्यता खूप वाढते. घरातली सगळी औषधं, दादाच्या गोळ्यांसकट, कुलपात ठेवा आणि रोजची तेवढीच द्या. कीटकनाशकं, शस्त्रं किंवा त्याने बोलून दाखवलेली कुठलीही वस्तू घरातून हलवा. हे त्याच्या नकळत करण्यापेक्षा सांगून करा: "तुझ्यावर अविश्वास नाही, वाईट तासांसाठी ही सोय करतोय."

मग त्याच्याबरोबर बसून एक कागद तयार करा. विचार वाढायला लागले की आधी काय जाणवतं, तेव्हा स्वतः काय केल्याने थोडं बरं वाटतं, कुणाजवळ जाऊन बसता येईल, कुणाला सरळ सांगता येईल, डॉक्टरांचा आणि हेल्पलाइनचा क्रमांक काय, हे सगळं त्याच्याच शब्दांत. याला आम्ही सुरक्षा-आराखडा म्हणतो. कागद अगदी साधा दिसतो, पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आलेल्या अभ्यासात तातडीच्या विभागात असा आराखडा करून नंतर फोनवर पाठपुरावा केलेल्या लोकांत पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येचं वर्तन नेहमीच्या उपचारांपेक्षा जवळपास निम्म्याने कमी आढळलं. हे केटामाइनपेक्षा कमी चमकदार वाटतं, त्यामुळे याबद्दल कुणी रात्रभर वाचत बसत नाही.

दादाला जलद उपचार मिळालाच तर एक गोष्ट त्याला आणि घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असू द्या: आठवड्याभरात विचार परत येऊ शकतात. हे माहीत नसेल तर परत आलेला विचार "हेही माझ्यावर चाललं नाही" असा निरोप घेऊन येतो आणि माणूस आधीपेक्षा खचतो. ते परत आले तर औषधाची मुदत संपली एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या दिवशी डॉक्टरांना कळवायचं. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात. घरच्यांना तेव्हा सुटल्यासारखं वाटून लक्ष ढिलं होतं. पुढची भेट आठवड्याच्या आत ठरवूनच घरी या.

दादा काहीच म्हणत नाही, असं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत. मला ते सगळ्यात जास्त खटकलं. वहिनींचं मत आहे, आईंचं आहे, तुमचं आहे, ओळखीतल्या माणसाचंही आहे. उपचार मात्र दादाच्या शरीरावर होणार आहेत. डिप्रेशनमध्ये ठरवण्याची ताकदच आटलेली असते, त्यामुळे "तुला काय वाटतं?" या मोकळ्या प्रश्नाला उत्तर येणार नाही. छोटे प्रश्न विचारा. डॉक्टरांशी बोलताना मी आत थांबू का? भुलीच्या औषधाची भीती वाटते का? दाखल व्हायचं झालं तर कोण सोबत हवं? एकेका शब्दाचं उत्तर आलं तरी चालेल.

तुम्ही रात्रभर जागून वाचता हे आजपासून थांबवा. पहारा एकट्या माणसाने द्यायचा नसतो. वहिनी, तुम्ही आणि जवळचा आणखी एखादा माणूस यांच्यात वेळा वाटून घ्या आणि ज्याची पाळी नाही त्याने खरोखर झोपावं. आईंना सगळे तपशील सांगायलाच हवेत असं नाही, पण दादाजवळ बसणं त्यांना जमेल.

उद्या सकाळी डॉक्टरांकडे फोन करा आणि पुढच्या तारखेची वाट न बघता लवकरची वेळ मागा. काय सांगायचं ते लिहून देते, तसंच वाचून दाखवलंत तरी चालेल: "गोळ्या चालू आहेत. त्याला आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, त्याने असं असं सांगितलं. गोळी लागू पडेपर्यंत त्याला घरी ठेवणं सुरक्षित आहे का, की दाखल करावं? बायपोलरची शक्यता तपासली आहे का? जलद काम करणारा उपचार, केटामाइन किंवा ईसीटी, त्याच्यासाठी योग्य आहे का, आणि असेल तर कुठे देखरेखीखाली मिळेल? त्यानंतर पुढे काय चालू ठेवायचं? रात्री-अपरात्री गरज पडली तर कुणाला फोन करायचा?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.